अगराच्या पाळीवर

बादलीच्या तळाशी विटेएवढा तपकिरी ठोकळा ठेवला होता आणि भाची त्यावर मगाने पाणी ओतत होती. पाच मिनिटांत ठोकळ्याच्या कडा सुटल्या. दहा मिनिटांत भुसा फुगून अर्ध्या बादलीच्या वर आला. मुठीत घेतला तर हलका, ओलसर. दाबला की पाणी सोडणारा आणि मूठ उघडली की पुन्हा फुगणारा. माती म्हणावी तर त्यात मातीचा कण नव्हता. "कोकोपीट आहे मावशी, नारळाच्या सालीचं," ती म्हणाली. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या बाल्कनीत तिचा पालक, पुदिना आणि टोमॅटोची दोन झाडं याच भुशात उभी होती.

माझं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. आमच्याकडे पिकाला बळ द्यायचं तर उन्हाळ्यात आटलेल्या तलावातला काळा गाळ खणायचा, बंडीत भरायचा आणि बांधीत पसरायचा. शेताचं खत गावाच्या पाळीखालीच असायचं. बाल्कनीतला भुसा दुकानातून, पुठ्ठ्याच्या वेष्टनात आला होता. त्या ठोकळ्यामुळेच पुढचे आठ दिवस मी बंगळुरात नुसतं फिरायचं सोडून हेच विचारत हिंडले की इथली माणसं कुठली माती, कुठलं पाणी आणि कुठले मासे वापरतात.

कोकोपीटमधला 'पीट' हा मूळचा थंड, दलदलीच्या मुलखातला शब्द. पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून शेवाळ, गवत, पाला अर्धवट कुजून थरावर थर साचत जातात, ते पीट. थर वाढतो वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर जाडीला हजार वर्षं लागतात. पृथ्वीच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्केच भाग या दलदलींनी व्यापलेला आहे, पण मातीत साठलेल्या एकूण कार्बनचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथे आहे. आयर्लंडमध्ये पिढ्यानपिढ्या लोकांनी त्याच्या विटा कापून, उन्हात वाळवून चुली पेटवल्या. मग १९४६ साली 'बोर्ड ना मोना' ही सरकारी कंपनी स्थापन झाली, यंत्रं आली, पीटवर वीजनिर्मिती केंद्रं चालली. जानेवारी २०२१मध्ये याच कंपनीने पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. इंडोनेशियात १९९६ साली मध्य कालिमंतानमधली सुमारे १० लाख हेक्टर जमीन, त्यातली बरीचशी पीटची दलदल, भातशेतीसाठी कालवे खणून सुकवायला घेतली. भात काही पिकला नाही. सुकलेलं पीट मात्र पुढच्याच वर्षीच्या वणव्यांत पेटलं आणि त्याचा धूर शेजारच्या देशांपर्यंत गेला.

कुंडीत पीटच्या जागी येणारा नारळाचा भुसा त्यामानाने निर्दोष. काथ्या काढल्यावर उरणारा हा चुरा पूर्वी कारखान्यांच्या बाहेर ढिगाने पडून असायचा. तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या परिसरात आणि कर्नाटकातल्या नारळाच्या पट्ट्यात आता त्याच्या विटा होतात आणि परदेशातल्या काचघरांपर्यंत जातात. त्यातला खार काढायला तो गोड्या पाण्याने धुवावा लागतो, एवढं मात्र लक्षात ठेवलं पाहिजे. पीट वाचतं, पण पाणी खर्ची पडतंच.

सकाळी खाली उतरलं की लेआउट आपल्या चालीने जागं होत असतं. होसूर आणि सरजापूर रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. बंगळूर विकास प्राधिकरणाने शेतजमिनी घेऊन सेक्टर पाडले, आणि अगरा, जक्कसंद्र, सोमसुंदरपाळ्य, परंगिपाळ्य ही जुनी गावं त्या चौकोनी रस्त्यांच्या मधेमधे राहून गेली. एका वळणाआधी काचेच्या इमारती असतात, त्या वळणापुढे मारुतीचं देऊळ, दारातली रांगोळी आणि बांधलेली गाय. लोक धीमे बोलतात. दर्शिनीत उभ्याने इडली खाताना आपल्या टेबलावर कुणी अनोळखी माणूस ताटली ठेवतो, मान हलवतो, खातो आणि जातो. "स्वल्प अॅडजस्ट माडी" (थोडं सांभाळून घ्या) हे वाक्य दिवसातून चारदा कानी पडतं आणि कुणी चिडून म्हणत नाही. विदर्भात अनोळखी माणसाला कुठल्या गावचे, कुणाकडचे हे विचारल्याशिवाय घास उतरत नाही. मला ते विचारणं आवडतं. पण इथलं न विचारता जागा करून देणंही मनापासून आवडलं.

'सोप्पू' म्हणजे पालेभाजी. हातगाडीवरच्या अक्काकडे तांदळी, मेथी, पालक आणि सब्बसिगे. सब्बसिगे म्हणजे आपला शेपू. मराठी घरात शेपूचं नाव काढलं की निम्मी पोरं ताटावरून उठतात, इथे तो तांदळाच्या भाकरीत, वड्यात, इडलीतही घालतात. जानेवारी होता, म्हणून गाडीच्या दुसऱ्या बाजूला अवरेकाई होती, आपल्या पावट्याची बहीण. दाणे भिजवून, चिमटीत दाबून साल काढायची आणि आतली गुळगुळीत डाळ आमटीत सोडायची. आठवडाभर घरोघरच्या पातेल्यांतून तोच वास येत होता. भाचीच्या शेजारणीने वाटीभर सार आणि नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, आणून दिला. मुद्दा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो, हे तिने मला स्वतः घास घेऊन दाखवलं.

ही भाजी कुठली, असं अक्काला विचारलं. तिने पूर्वेकडे हात केला आणि भाचीने भाषांतर केलं, "होसकोटेकडून, मालूरकडून येते म्हणे. आधी इथेच व्हायची."

आधी इथेच. ते 'इथे' बघायला आम्ही अगरा तलावावर गेलो.

पाळीवर पाऊल ठेवलं आणि मला गावी आल्यासारखं वाटलं. तोच मातीचा लांब बांध, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोलगट जमीन. आमच्याकडे त्या खोलगट अंगाला धान असतं, इथे घरं आहेत. तलाव सुमारे ९८ एकरांचा. पाण्यात पाणकावळे पंख वाळवत बसलेले, जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यात पाय उचलून चालणाऱ्या, आणि मधोमध काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी. पहाटे फिरायला आलेल्यांची रांग पाळीवरून चालली होती.

अगरा गावात इसवी सन ८७०च्या सुमाराचा, गंग राजांच्या काळातला शिलालेख आहे. इरुगमय्याचा मुलगा सिरिमय्या याने दोन तळ्यांना पाणी सोडायची दारं बसवली, पूर्वेला तिसरं तळं बांधलं आणि त्याबद्दल त्याला 'बिट्टुवट्ट', म्हणजे तळ्याखालच्या जमिनीचं इनाम मिळालं, असं तो सांगतो. अकराशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव दगडावर राहिलं ते लढाई मारल्याबद्दल नाही, पाण्याला दार बसवल्याबद्दल. त्या दाराला कन्नडमध्ये 'तूबू' म्हणतात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, आम्ही 'तुडूम' म्हणतो. दोन शब्दांचं नातं सांगायला मी भाषाशास्त्रज्ञ नाही, पण पाळीवर उभं राहून ते दोन्ही शब्द मी मोठ्याने म्हणून पाहिले. तुडूम पायरीपायरीचा असतो. तलावाची पातळी उतरत जाईल तशी खालची खालची भोकं मोकळी करायची, म्हणजे वरचं, ऊन लागलेलं पाणी आधी शेतात जातं.

कर्नाटकात हे दार उघडणारा माणूस ठरलेला असायचा, नीरगंटी. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे तो ठरवायचा आणि बदल्यात सुगीला धान्य घ्यायचा. आमच्याकडे कोहळी शेतकऱ्यांनी तलाव बांधले आणि ढिवरांनी त्यात मासे धरले. पूर्व विदर्भात असे सुमारे ७ हजार मालगुजारी तलाव. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे योग्यच झालं. पण पाळ फुटली तर पहिला घमेला कुणी टाकायचा, याचं उत्तर तिच्यासोबत गेलं आणि दुसरं कुणी दिलं नाही.

बंगळुरात ते उत्तर वेगळ्या वाटेने गेलं. या शहराला नदी नाही. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवरच्या उंचवट्यावर ते वसलं आहे, म्हणून उतारावर एकाखाली एक तळी बांधली. वरचं भरलं की त्याच्या 'कोडी'वरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी राजकालुवेतून, म्हणजे मोठ्या नाल्यातून, खालच्यात. मडिवाळचं पाणी अगरात, अगराचं बेळ्ळंदूरमध्ये, तिथून वर्तूरमध्ये आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत. १६३८ साली बंगळूर जिंकलं गेलं आणि शहाजीराजांना जहागीर मिळालं, तेव्हाही हे शहर तळ्यांवरच जगत होतं. १८९०च्या दशकात हेसरघट्टहून नळाचं पाणी आलं. १९७४पासून कावेरीचं येऊ लागलं, सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास ५०० मीटर उंच उचलून. नळ आला आणि तळ्याची गरज घरातून उठली. संपंगी तळ्याच्या जागी आज कंठीरव स्टेडियम उभं आहे.

अगराच्या ईशान्येला बेळ्ळंदूर. शहरातलं सर्वांत मोठं, सुमारे ९०० एकरांचं. त्याच्या काठच्या म्हाताऱ्या माणसांना इथली भातशेती आठवते, मासे आठवतात, पोहणं आठवतं. पुढे शहराच्या सांडपाण्यातलं सुमारे ४० टक्के पाणी या एका तळ्यात येऊ लागलं. साबणातल्या रसायनांचा फेस कोडीवरून उसळून रस्त्यावर यायचा, गाड्यांच्या काचांवर बसायचा. तो अडवायला जाळ्या बांधल्या गेल्या. मे २०१५मध्ये पाण्यावरचा फेस पेटला. फेब्रुवारी २०१७मध्ये पुन्हा आग, आणि जानेवारी २०१८ची आग विझवायला सैन्याचे सुमारे ५ हजार जवान उतरले. तळ्याला आग लागते हे वाक्य मी वर्तमानपत्रात दोनदा वाचलं होतं. काठावर उभं राहिल्यावर कळलं की ते फारसं अशक्य नव्हतं. तळाशी कुजका गाळ, त्यातून निघणारा मिथेन, वर वाळलेलं गवत आणि टाकलेला कचरा. इंडोनेशियाच्या दलदलीत जे हजारो वर्षांत साचलं होतं, त्याचं घाईघाईने केलेलं रूप इथे तीसेक वर्षांत तयार झालं.

२०२०पासून तळं रिकामं करून गाळ काढायचं काम हाती घेतलं गेलं. आता विचार करा, आमच्या गावी गाळ काढायला शेतकरी स्वतःची बंडी आणतो, कारण तो त्याच्या बांधीत जातो. महाराष्ट्र सरकारची २०१७पासूनची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनाही त्याच हिशोबावर उभी आहे. बेळ्ळंदूरचा गाळ कुणाच्या शेतात टाकणार? त्यात शहराची न्हाणीघरं आणि कारखाने उतरलेले आहेत. जो गाळ खत म्हणून लोक मागून नेत होते, तो कुठे ठेवावा हा प्रश्न होऊन बसला. तळ्याची याहून मोठी हानी मला सांगता येणार नाही.

मासे अजून आहेत. इथल्या तळ्यांतल्या मासेमारीचा ठेका मत्स्यखात्यामार्फत दिला जातो, बीज सोडतात, कटला, रोहू वाढवतात. न सोडता वाढणारा तिलापिया घाणेरड्या पाण्यातही तगतो. पाण्यातला प्राणवायू संपला की मात्र कुणीच तगत नाही. मार्च २०१६मध्ये हलसूरच्या तळ्यावर हजारो मासे मरून तरंगले होते. सरजापूर रस्त्यावरचं कैकोंड्रहळ्ळी तळं पाहून जरा बरं वाटलं. २००९नंतर रहिवाशांनी महापालिकेच्या बरोबरीने ते सावरलं, आणि सावरताना जुन्या माणसांना हाकललं नाही. आम्ही गेलो तेव्हा एक बाई काठचं गवत कापून भारा बांधत होती. दोन म्हशी आहेत म्हणाली. तिच्या विळ्यापासून दहा पावलांवर पोरं दुर्बिणीतून पक्षी बघत होती. आमच्याकडच्या ढिवर बायकाही आता अशाच तलावात उतरतात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर त्यांनी आटलेल्या तलावांचा तळ नांगरला, बेशरमीची माजलेली झुडपं उपटली, माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. जिचं पोट तलावावर आहे, तिला कुठली वनस्पती कुठल्या माशाची, हे शिकवावं लागत नाही.

लेआउटच्या दक्षिण कडेला, सोमसुंदरपाळ्याजवळ, कर्नाटक कंपोस्ट विकास महामंडळाचं आवार आहे. १९७५ साली ही संस्था निघाली तेव्हा आजूबाजूला शेतं होती. शहराचा ओला कचरा आणायचा, कुजवायचा आणि खत करून शेतकऱ्याला द्यायचं, हा तिचा उद्देश. पुढे वस्ती वाढत तिच्या भिंतीला भिडली आणि दुर्गंधीविरुद्ध रहिवाशांची आंदोलनं सुरू झाली. वासाने हैराण झालेल्यांचा त्रास खरा होता. पण ज्या भाजीच्या देठांचा तो वास होता, ते देठही त्याच स्वयंपाकघरांतले होते. लेआउटमधल्याच काही बायकापुरुषांनी हे मनावर घेतलं. इथल्या 'स्वच्छाग्रह कलिका केंद्रा'त घरच्या घरी खत कसं करायचं ते डबे मांडून दाखवतात. ओल्या कचऱ्यावर सुका पाला किंवा मूठभर कोकोपीट पसरायचं, हवा खेळती ठेवायची. भाचीचा डबा तिथलाच. झाकण उघडून तिने मला खालचा थर दाखवला. संत्र्याची साल ओळखू येत होती, बाकी सगळं काळंभोर, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारख्या वासाचं. तो थर मी हातात घेऊन बराच वेळ बसले. बाल्कनीतला टोमॅटो नुसत्या भुशावर उभा नव्हता, त्याच्या पोटात हे होतं. कोकोपीट पाणी धरतं, पण पोषण असं त्याच्यात फार नसतं.

शेवटच्या दिवशी आम्ही कोलारला गेलो. होसकोटे सोडल्यावर मोठमोठ्या गोल खडकांच्या टेकड्या दिसू लागतात. या जिल्ह्यातल्या सोन्याच्या खाणी शंभराहून अधिक वर्षं चालल्या आणि २००१मध्ये बंद झाल्या. बारमाही नदी इथेही नाही. टोमॅटोचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांपैकी एक, आणि तो पिकवायला विंधनविहिरी हजार फुटांच्या खाली गेलेल्या.

जून २०१८पासून या जिल्ह्यातल्या तळ्यांत बंगळूरचं सांडपाणी येतं. कोरमंगला-चल्लघट्ट खोऱ्यातलं, म्हणजे एचएसआरच्याही न्हाणीघरातलं पाणी प्रक्रिया करून पाइपांतून इकडे आणतात. योजना दिवसाला ४४ कोटी लिटरची, तळी सव्वाशेच्या आसपास. पहिलं पाणी लक्ष्मीसागर तळ्यात आलं. महिन्याभरात तिथेही फेस दिसला, लोक उच्च न्यायालयात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. पाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया व्हायला हवी, ही इथल्या कार्यकर्त्यांची मागणी आहे. मला ती पूर्णपणे रास्त वाटते.

तळ्याच्या पाळीवर एक शेतकरी भेटला. साठीचा, खांद्यावर टॉवेल. त्याच्या विंधनविहिरीला वीस वर्षांनी वरच्या पातळीवर पाणी लागलं होतं. तुतीचा आणि टोमॅटोचा मळा हिरवा होता, तळ्यात मासे सोडले होते. "पिता का हे पाणी?" भाचीने विचारलं. "नाही," तो म्हणाला. "पिण्याचं वेगळं आणतो. हे जमिनीत मुरू द्यायचं. तळ्यात मोटर टाकायला बंदी आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "तुमच्याकडे साबण जरा कमी वापरा, सांगा त्यांना."

कावेरीतून १०० किलोमीटरवरून आणलेलं पाणी भाचीच्या सिंकमधून जातं, शुद्धीकरण केंद्रातून जातं, आणि पुढे या माणसाच्या टोमॅटोला पोचतं. त्यातला टोमॅटो पुन्हा लेआउटच्या हातगाडीवर येतो. एवढी लांब साखळी, पण तिच्या टोकाचा माणूस आपल्याला साबण कमी वापरा म्हणतो, हे त्या बाल्कनीला ठाऊक नव्हतं. त्या रात्री भाचीने फॉस्फेट नसलेली कपड्यांची पावडर शोधून मागवली. तिने ते गाजावाजा न करता केलं, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

गावी परतले तेव्हा आमच्या तलावात अजून कमरेएवढं पाणी होतं. वाचकांपैकी ज्यांच्या गावाला तलाव आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. येत्या ग्रामसभेत तीन नावं विचारा: तुडूम कोण उघडतो, मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे, आणि यंदा गाळ कोण नेणार. शहरात राहत असाल तर सांडपाणी कुठल्या तळ्यात जातं ते विचारा. हे मार्चमध्येच विचारा. तलाव आटून गाळ उघडा पडला की तो काढायला पावसाआधी जेमतेम चार-सहा आठवडे मिळतात.